म्हंजेभाऊ

चष्मा कपाळावर सरकवायचा, मान थोडी कलती करायची आणि समोरच्याला विचारायचं, "म्हंजे काय, भाऊ?" एवढ्यावरून धानोऱ्याकडच्या ग्रामसभांत त्याचं नावच म्हंजेभाऊ पडलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

तो तत्त्वज्ञानाचा एम. ए. ग्रामसभांसोबत काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, जंगलात तत्त्वज्ञानाचा काय उपयोग? यानं उलट विचारलं, उपयोग म्हणजे काय? मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, हा गेला कामातून. पण साहेबांना हसू आलं. त्यांनी त्याला एका हंगामापुरता ठेवला. तेवढ्यात काही करून दाखवलं नाही, तर गोंडपिपरीला वडिलांच्या किराणा दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

त्याच हंगामात मोहाचं भांडण आलं. आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडंही घराघरांत वाटलेली असतात. आणि ग्रामसभेत मतं मोजत नाहीत. सगळ्यांच्या माना हलल्याशिवाय निर्णय होत नाही. एक म्हातारी बरेच दिवस लेकीकडे राहून परतली, तर तिच्या झाडाखाली शेजारी फुलं वेचत होता. बैठकांवर बैठका आरडाओरड्यात गेल्या. शेवटी साहेब स्वतः येऊन बसले. आता तरी म्हंजेभाऊ काही नियम सांगेल, अशी मला आशा.

"झाड तुमचं, म्हंजे काय, भाऊ?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं.

मी कपाळावर हात मारला.

जो वेचतो त्याचं, शेजारी म्हणाला. मग गाईही फुलं खातात, झाड त्यांचं का, असं यानं अगदी गंभीरपणे विचारलं. सभा हसली. मग तोच प्रश्न त्यानं म्हातारीला केला. 

"माहं म्हंजे, वणवा आला तं मलेच धावा लागते."

शेजारी डोकं खाजवत राहिला. "मागच्या उन्हाळ्यात वणवा आला, तेव्हा मी नाई धावलो," तो म्हणाला. "मले वाटलं, झाड बाईचं हाये."

सगळ्यांच्या माना हलल्या. शेजाऱ्याचीही.

साहेबांनी म्हंजेभाऊला कायम केलं. मला तो फार आवडायचा. हे त्याला कधी सांगितलं नाही, कारण आवडतो म्हंजे काय, असं त्यानं विचारलंच असतं.

आता तो भामरागडला असतो. परवाच्या सभेत मी तावातावानं म्हणालो, हा अन्याय आहे. मागून तीच म्हातारी बोलली, "अन्याय म्हंजे काय, भाऊ?"

मी सवयीनं त्याच्या जागेकडे पाहिलं. तो तिकडे भामरागडला, नदीच्या पुरापलीकडे अडकलेला होता. आणि इथं असता, तरी उत्तर मलाच द्यायला लावलं असतं.