पुलापलीकडचा कर

पालिकेत माझ्या भावाला 'झाडाझडती' म्हणतात. तोंडावर साहेब, पाठ फिरली की झाडाझडती. सख्खी बहीण असून सांगते, नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलंय. लहानपणी दादा दुधाचा पेला आधी हुंगायचा, मग आईकडे बघायचा आणि मगच तोंडाला लावायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा याने मुलाच्या शेजाऱ्यांना विचारलं, त्याच्या न्हाव्याला विचारलं, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारलं. मुलाला मात्र चकार शब्द विचारला नाही. का, तर म्हणे, "ज्याच्यावर संशय, तो काय खरं सांगणार आहे?"

असा माणूस कर खात्यात रमला यात नवल ते काय! बाजार भरभराटीत होता तोवर त्याचं बरं चाललं. दुकानात शिरायचं, पंख्याखाली बसायचं आणि दुकानदाराला घाम फुटतो का ते बघायचं. पुढे लोक फोनवरून सगळं मागवायला लागले. चपला, पातेली, अहो, केरसुणीसुद्धा! दुकानं ओस पडली, पालिकेची तिजोरी आटली. मग नियम आला, की ऑनलाइन घेतलेला माल ज्या शहरात उतरेल, त्या शहराच्या पालिकेला त्यावरचा कर. दादाच्या जिवात जीव आला. पण आता घाम फुटायला समोर माणूसच नव्हता, नुसती खोकी.

आमची वस्ती शहराच्या टोकाला. पुढे नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या त्या बाजूला दुसरं शहर, दुसरी पालिका. आमची पणजोबांची पिढी तिकडून कामधंद्यासाठी इकडे येऊन राहिली. तिकडचे लोक या जागेला म्हणायचे 'पुलापलीकडे', आणि आम्हीही तेच म्हणत राहिलो. राहतो पुलाच्या अलीकडे, पण पत्ता लिहितो पुलापलीकडे. यात काही गंमत आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दादाच्याही नाही, तोही आमच्याच मागच्या गल्लीत राहतो.

वस्तीत खोकी पोचवायची एजन्सी माझ्या नवऱ्याकडे होती. एक स्कूटर, पत्ते वाचायचं कंपनीचं एक यंत्र, आणि त्यावर आमचं अख्खं घर.

आणि दादाच्या ध्यानात आलं, की वस्तीत दारोदारी खोकी उतरतात, पण पालिकेत त्यांचा छदाम जमा होत नाही. सगळा कर जातोय नदीपलीकडच्या पालिकेला. तिकडे कराचा दर कमी. "गिऱ्हाइकाला स्वस्त पडावं म्हणून कुणीतरी मुद्दाम पत्ते फिरवतंय," दादा म्हणाला. बोलला वहिनीशी, नजर माझ्यावर.

त्यानंतर याचं आमच्याकडे येणं वाढलं. चहा प्यायचा आणि डोळे घरभर फिरवायचा. स्कूटरची सीट उचलून बघायचा. समोरच्या शिंपिणीला विचारलं, माझ्या लेकीला विचारलं, "बाबा खोकी आधी कुठे नेतात गं?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दादा, ह्यांच्याबद्दल काही असेल तर ह्यांनाच विचार ना! बसलेत की समोर!"

"मी कुठे काय म्हणतोय?" असं म्हणून त्याने बशीत चहा ओतला. आणि हे आपले भोळे सांब! रात्री मलाच समजावतात, "अगं, त्याचं कामच आहे ते."

कामच होतं तर! दादाने कंपनीला तक्रार धाडली. कंपनीचा माणूस आला, यंत्र काढून घेतलं, एजन्सी बंद. सख्ख्या भावाने बहिणीच्या घरावर नांगर फिरवला. मी रडले, भांडी आपटली, दादाला नाही नाही ते बोलले. हे मात्र सकाळी सवयीने स्कूटर पुसायचे आणि परत आत येऊन बसायचे.

एजन्सी एका परक्या माणसाला मिळाली. तरी कर नदीपलीकडेच! "हाही त्यांच्यातलाच," दादा म्हणाला आणि सापळा लावला. स्वतःच्या नावाने एक टॉर्च मागवली, पत्ता स्वतः टाकला. पुढचं मला वहिनीने सांगितलं. फोनवर निरोप आला, 'आपले पार्सल नदी ओलांडत आहे,' आणि त्याच क्षणी दारावरची बेल वाजली. बिलावर कर तिकडच्या पालिकेचा. दादाने त्या माणसाची गचांडीच धरली.

"अहो साहेब, तुम्हीच लिहिलंय की पुलापलीकडे!" तो म्हणाला. "कंपनीचं गोदाम पुलाच्या ह्या बाजूला. यंत्राला वाटतं, पलीकडे म्हणजे ते शहर. खोकं आम्ही बरोबर आणतो, हिशेब जातो तिकडे."

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

संध्याकाळी दादा आमच्या दारात उभा. चेहरा पांढराफटक. एका दमात सगळं सांगून टाकलं. कंपनीला कळवलंय, तक्रार मागे घेतलीय, पण एजन्सीचा करार त्या माणसाशी झालाय, तो आता मोडत नाही.

ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढंच होतं? अहो, यंत्रावर रोज नदी दिसायची. गोदामातली पोरं नि मी हसायचो, बघा, आपण पुन्हा पोहत निघालो म्हणून. त्यावरून कर ठरतो हे मला काय ठाऊक? मला विचारायचं होतंत. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"चुकलं माझं," दादा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे ऐकलं, आणि राग सोडून मला भडभडून आलं.

ह्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा साहेब, चहा घेऊन जा."

लग्न झाल्यापासून ह्यांनी त्याला दादाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. दादाने चटकन माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलेन, सावरून घेईन म्हणून. मी आत जाऊन चहा ठेवला.