मंत्रीणबाईंच्या खांद्यावरचं कांबळं

"मोर्चा काढायचा म्हणजे काढायचाच," अध्यक्ष फाकिसी म्हणत होते.

"काढा की, न्ताते," चिटणीस रामोने वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं म्हणाले. "पण मोर्चाला बंदोबस्त लागतो. तो कोण करणार?"

"पोलीस."

"आणि मोर्चात कोण?"

"पोलीसच."

"म्हणजे निम्म्यांनी चालायचं आणि निम्म्यांनी त्यांना अडवायचं?"

"ड्यूटीची यादी लावू."

"आणि अडवणारे म्हणाले, आम्हालाही चालायचंय, तर?"

पोलीस संघटनेच्या राजधानी मासेरूतल्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत मालेबोने चहा गाळत होती, तेव्हा हे भांडण तिच्या कानावर पडलं. नवरा शिपाई होता, तो गेला, म्हणून संघटनेनं तिला झाडलोटीला ठेवून घेतलं होतं. भांडण तीन कप चहा चाललं. शेवटी मोर्चा बारगळला आणि निवेदन द्यायचं ठरलं. पण ते मंत्रालयात न्यायचं कुणी? वर्दीतला माणूस गेला की फाटकावरचा शिपाई आधी सलाम ठोकायचा आणि मग त्याचं नाव वर कळवायचा.

"मी नेते," कपबशा उचलता उचलता मालेबोने म्हणाली. "कोबी घ्यायला त्याच बाजूला जायचंय."

त्या कोबीपासून तिचं काम बदललं. पुढची अकरा वर्षं संघटनेचं प्रत्येक निवेदन तिच्याच पिशवीतून गेलं. मंत्री असो, खासदार असो, समितीचा कारकून असो, तिची पद्धत एकच. कागद द्यायचा आणि पोच मागायची. पोच मिळाली नाही तर बाकावर बसायचं. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला तब्येत विचारायची. एका कारकुनाला तिनं दिवसभरात सहा वेळा गुडघ्याचं विचारलं, तेव्हा त्यानं शिक्का मारला.

तिच्या लेकरावरून तिचं नाव पडलं होतं, मालेबोने म्हणजे लेबोनेची आई. तो लेबोने बापासारखाच पोलिसात गेला आणि त्याची नेमणूक झाली मोखोत्लोंगच्या डोंगरात, वरच्या चौकीवर. तिथं जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, चहा ओतेपर्यंत निवतो. सरकारी कोट इतका पातळ की वारा एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघतो. डोंगरातला गुराखीसुद्धा जाड कांबळं पांघरून फिरतो, पण पोलिसानं वर्दीवर कांबळं घ्यायचं नाही, असा नियम. लेबोनेनं घेतलं. दोनदा सापडला, दोनदा लेखी ताकीद मिळाली. तिसऱ्यांदा सापडला तर नोकरी जाणार होती. आदल्या हिवाळ्यात कांबळ्याविना राहिला, तेव्हा छातीत पाणी होऊन दवाखान्यात पडला होता.

तेव्हा संघटनेनं निवेदन तयार केलं. डोंगरातल्या पोलिसाला हिवाळ्यात वर्दीवर कांबळं घेऊ द्यावं, एवढीच मागणी. मालेबोने तीन सोमवार पोलीस खात्याच्या मंत्रीणबाईंच्या दाराशी बसली, तेव्हा भेटीची वेळ मिळाली.

रामोनेंनी नमुन्याचं कांबळं विणून घेतलं होतं. वर्दीला शोभेल असं राखाडी, त्यात एकच निळी पट्टी. जाताना वाटभर ते तिला आईच्या मानानं हाक मारून पढवत होते, "म्मे, मी 'हा नमुना' म्हणालो की टेबलावर ठेवायचं. फक्त ठेवायचं."

"ठेवते की."

मंत्रीण मातुमेलोबाई ठेंगण्या, हसऱ्या. खोली गार, हीटर बिघडलेला, बाई खोकत होत्या. शेजारी सचिव सेकाते वही उघडून बसले होते. रामोने वाऱ्यावर बोलले, थंडीवर बोलले, मग म्हणाले, "हा नमुना."

मालेबोने उठली. समोर टेबल होतं आणि टेबलामागे खोकणारी बाई होती. कांबळं लाकडावर टाकायला तिचे हात उठेचनात. ती वळसा घालून पलीकडे गेली, कांबळं बाईंच्या खांद्यावर घातलं, पट्टी रीतीप्रमाणे उभी येईल असं सारखं केलं आणि स्वतःच्या शालीची पिन काढून लावली. दार उघडं होतं. बाहेरच्या टायपिस्ट बायकांनी पाहिलं, आणि कुणाला मानानं कांबळं पांघरलं की बायका जे करतात ते त्यांनी केलं. जीभ हलवून आनंदाची आरोळी दिली.

"हे काय झालं?" सचिव म्हणाले.

"नमुना दाखवला," रामोने म्हणाले. त्यांचा चेहरा कांबळ्याच्या रंगाचा झाला होता.

"नमुना पिन लावून दाखवतात?"

"पिन नसली की घसरतं, न्ताते," मालेबोने म्हणाली.

सचिवांनी नियम काढला. अर्जदारानं मंत्र्याला भेट दिली तर अर्ज थांबतो. त्यात अर्जदार पोलीस, म्हणजे नियम पाळायला लावणारेच. भेट परत जाईपर्यंत फाइल बंद.

"मग घ्या परत," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. पांघरलेलं कांबळं माणसाच्या अंगावरून काढायचं म्हणजे चारचौघांत त्याची अब्रू काढायची. आणि आपण होऊन परत करायचं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकायचं.

"माझ्या अंगाला कोण हात लावतंय बघते," मंत्रीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा खोकल्या, पण जरा कमी.

फाइल अडकली ती अडकलीच. चार आठवडे गेले. रामोनेंनी मालेबोनेशी बोलणं सोडलं, चहा तेवढा घ्यायचे. फाकिसींनी मोर्चाची जुनी यादी बाहेर काढली. लेबोनेचा फोन आला, "आई, बर्फ पडलंय. पुढच्या गुरुवारी मोठे साहेब तपासणीला येणारेत."

"कांबळं घेऊ नकोस."

"घेतलं नाही तर मरतोय."

"मग मरू नकोस आणि घेऊही नकोस. सोमवारपर्यंत थांब."

सोमवारी ती बाकावर जाऊन बसली. दुपारी मंत्रीणबाई बाहेर आल्या, अंगावर तेच कांबळं.

"म्मे, अजून इथंच?"

"इथंच. ऊब आहे ना त्याला?"

"आहे. तेच तर दुखणं झालंय. ठेवताही येत नाही, देताही येत नाही."

"परत देता येत नाही. पुढं देता येतं की. सासूनं मला पांघरलं, मी जावेला पांघरलं. कुणाची अब्रू गेली नाही. गारठलेला माणूस मात्र पाहिजे."

बाईंनी खांद्यावरची पिन चाचपली. "गारठलेला पोलीस कुठं मिळेल?"

"पत्ता देते. तिथं तिघं आहेत. त्यातला एक माझा आहे, हे आत्ताच सांगते. मागाहून बोभाटा नको."

"कुणाला पांघरायचं ते मी ठरवणार."

"तुम्हीच ठरवा. माझा तसाही लाजाळू आहे."

गुरुवारी मंत्रीणबाई सचिवांना घेऊन जीपनं वर गेल्या. तपासणीचे साहेब आधीच आले होते. तिन्ही शिपाई बर्फात ओळीनं उभे होते. बाईंनी ओळ पाहिली. लेबोने भीतीनं इतका ताठ उभा होता की थंडी वाजते असं वाटेचना. त्याच्या शेजारचा शिपाई मात्र टोपीसकट हलत होता. बाईंनी आपलं कांबळं काढलं आणि त्याला पांघरलं.

साहेबांनी तोंड उघडलं. "बाई, वर्दीवर काही घ्यायचं नाही असा—"

"ते मंत्रीणबाईंनी घातलंय," सचिव हळूच म्हणाले. "उतरवताय का तुम्ही?"

साहेबांनी सलाम ठोकला.

पण सचिव नियमाचे पक्के. जीपमध्ये बसल्यावर त्यांना नवीनच काळजी लागली. वर्दी म्हणजे सगळ्यांची सारखी. एकाच्या अंगावर कांबळं आणि दोघांच्या नाही, ही बेशिस्त. त्याचं कांबळं काढता येत नाही. तेव्हा राहिलेल्यांना दिल्याशिवाय शिस्त राहणार नाही. भेट मंत्र्याकडे उरली नव्हती, पोलिसाकडेच परत गेली होती, म्हणून फाइल उघडली, आणि आठवड्याच्या आत त्याच सचिवांच्या सहीनं हुकूम निघाला. राखाडी कांबळं, निळी पट्टी उभी. मंत्रीणबाई डोंगरातून सर्दी घेऊन आल्या होत्या. मालेबोनेनं त्यांना आलं पाठवलं, पण कारकुनाच्या हाती, त्याच्याच नावानं. तेवढं ती शिकली होती.

लेबोनेची नोकरी राहिली. पुढं तो डोंगरातल्या चौक्यांचा संघटनेचा प्रतिनिधी झाला आणि आईच्या वरताण चिवट निघाला. मालेबोनेचे गुडघे गेले, फाकिसींनी तिला महिनाअखेर घरी बसायला सांगितलं, त्या आठवड्यात लेबोनेचं निवेदन आलं. डोंगरातल्या पोलिसांच्या घोड्यांनाही सरकारी कांबळी मिळावीत.

"घोड्यांना," रामोने म्हणाले. "म्मे, तुमच्या मुलाला सांगा काहीतरी."

"मी कागद नेते. कागदात काय आहे ते तुम्ही बघा."

ती टॅक्सीनं गेली, चढ चढताना दोनदा थांबली, फाटकावरच्या शिपायाला त्याच्या बाळंतीण सुनेचं विचारलं. आत नवा पोरगेला कारकून होता. त्यानं कागद वाचला आणि हसला.

"घोडे?"

"घोडे. पोच द्या."

"उद्या या, आजी."

ती बाकावर बसली. चार वाजता त्यानं शिक्का मारला. तारीख पुसट उठली होती, तिनं ती पुन्हा मारायला लावली, उजेडात धरून पाहिली, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि कोबी घ्यायला गेली.