दादाच्या लॅपटॉपची बॅटरी

वाशिमच्या एका दैनिकात मी डेस्कवर काम करतो. भुताखेतांच्या बातम्या आल्या की कापणं हे माझंच काम. दोन माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय मी काही छापत नाही, आणि मानतही नाही. खालचा मजकूरही दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी कापलाच असता...

माझा मोठा भाऊ, दादा, शेलूबाजारला लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओ कापून-जोडून सजवायचं काम, करायचा. गेल्या उन्हाळ्यात, ऐन सीझनमध्ये, हार्ट अटॅकने गेला. त्याचा लॅपटॉप आता वहिनी वापरते. एका शेतकरी कंपनीसाठी ती गावोगाव जाऊन शेतकऱ्यांची नोंदणी करते. दिवसा लाइट नसतेच, त्यामुळे काम बॅटरीवर. आणि बॅटरी तासाभरात संपायची. दोन गावांची नोंदणी अर्धवट राहिली, तेव्हा साहेबाने सांगितलं — पुन्हा असं झालं तर दुसरं माणूस घेऊ. घर तिच्या या एका पगारावर चालतं.

सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने शेलूबाजार, दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी परत. महिनाभर हेच चाललं.

"पेपरात दुनियाच्या बातम्या छापता भाऊजी," वहिनी म्हणायची, "एक बॅटरी नाही सुधरत तुमच्यानं?"

वाशिमच्या दुकानदाराने बॅटरी तपासून चांगली असल्याचं सांगितलं होतं. दोष दुसरीकडे होता. या लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं चित्र सांभाळणारी दोन ग्राफिक्स आहेत. एक प्रोसेसरमधलं, हलक्या कामाचं. दुसरं वेगळं कार्ड, डाव्या बाजूला, व्हिडिओसाठी, भरपूर वीज खाणारं. काम नसताना ते झोपायला हवं. दादाने ते कायम जागं राहील अशी सेटिंग केली होती. मी ती बदलली. दोन दिवस बॅटरी नीट चालली, मग पुन्हा तेच. कार्ड कोण वापरतंय ते पाहिलं, तर दादाचं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. ते कुणी उघडलेलं नव्हतं. मी ते बंद केलं. पुढच्या सुट्टीला पाहिलं तर ते पुन्हा चालू. शेवटी कार्डच डिसेबल केलं, म्हणजे पूर्ण बंद.

त्यानंतर वहिनीचा अनसिंगजवळच्या एका गावातून फोन आला. "भाऊजी, आज पन तापून राह्यलं. डाव्या बाजूनं हातच लाववत नाही."

त्या सुट्टीला ती म्हणाली, "ते कायचं काम करून राह्यलं, ते तं पाहा."

सॉफ्टवेअर उघडलं. मेडशीच्या एका लग्नाचं मिक्सिंग जवळजवळ पूर्ण होतं. फक्त सुरुवातीची चौकट रिकामी. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांचा फोटो आधी येतो. त्यातून नवरा-नवरीवर फुलं पडताना दाखवतात. चौकटीत दादाने लिहिलं होतं : नवरीच्या आजोबांचा फोटो येणे बाकी.

"फोटो मागून आना," वहिनी म्हणाली. "त्यायचं काम अर्धं नका ठेवू."

मी आणतो म्हणालो आणि जेवायला बसलो. लाइट गेलेली होती, लॅपटॉप टेबलावर मिटलेला. जेवताना त्याचा पंखा ऐकू येत होता. वहिनीने ताटावरून वर पाहिलं. पंखा थांबल्यावर मी लॅपटॉप उघडला. तयार व्हिडिओची फाइल समोर होती. चौकटीत एक म्हातारा, पांढरा फेटा, एक डोळा किंचित बारीक. फोटोच्या कोपऱ्यात वाळवीची वाकडी रेघ.

फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मेडशीला गेलो. नवरीचे वडील हसले. "पोरगी बाळंत झाली, अन् कॅसेट आता आली." टीव्हीवर व्हिडिओ सुरू झाला आणि ते उठून उभे राहिले. मग भिंतीकडे बोट दाखवलं. तोच फोटो, तीच वाळवी.

"बाबाचा हा एकच फोटो हाये. आमी देलाच नोता तुमच्या भावाले. कोनं देला?"

मी म्हणालो, लग्नाच्या दिवशी दादाने मोबाइलवर काढला असेल.

"लगन वाशिमले झालं, कार्यालयात. या घरात त्यानं पाय नाही ठेवला." त्यांच्या बायकोनेही तेच सांगितलं. म्हणजे दुजोरा दोघांचा.

त्या दिवसापासून लॅपटॉप तापला नाही. वहिनीची राहिलेली गावं पूर्ण झाली, काम टिकलं.

मग एकदा ती म्हणाली, "ते कार्ड पयल्यासारखं करून द्या."

"बॅटरी खाईल ते."

"खाऊ द्या."

मी कार्ड चालू केलं, दादाची सेटिंग होती तशी लावली. हिशेबाने बॅटरी तासाभरात संपायला हवी. ती अख्खी दुपार काढते. याचं कारण मला सापडलेलं नाही. त्या फोटोचंही नाही. शोधायचं आता मी सोडलं आहे.

परवा गेलो तेव्हा वहिनी लॅपटॉपवर डाव्या बाजूला हात ठेवून बसली होती.

"तापला का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. हात तिने तसाच ठेवला.