मोजून दिलेलं पाणी

माझं माहेर देऊळगाव राजाकडचं. तिथल्या विहिरीचं पाणी गोड आहे, हे मला लग्न होऊन पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात आल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात माझी तुरीची डाळ काही केल्या शिजेना. सासूबाई हसल्या, चिमूटभर सोडा टाकला आणि म्हणाल्या, होईल सवय. झाली. साबणाला फेस येत नाही, चहा खारट लागतो, सगळ्याची झाली.

माझ्या नवऱ्याला मात्र ती कधी झाली नाही, जन्म इथलाच असून. ते गावाच्या पाणी समितीत होते. गोड्या पाण्याची पाइपलाइन यावी म्हणून बुलढाण्याला हेलपाटे घालायचे. सरकारी काम अन् सहा महिने थांब, पण आमचे सहा महिने संपतच नव्हते. ही पाइपलाइन माझी सवत आहे, असं मी चारचौघांत म्हणायची. एकदा बाहेरच्या कुठल्याशा संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. नळ, संडास, हात धुणं यासाठी जगभर किती देशांत कामं चालली आहेत, ते त्यांनी सांगितलं. पुढे आठवडाभर आमचे हे त्या देशांबद्दल सोयऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत होते.

नळ येण्याआधी त्यांच्या किडन्या गेल्या. गाव म्हणतं, पाण्यानंच. डॉक्टर तसं ठामपणे सांगत नाहीत. मला कुणावर तरी चिडायचं होतं, मी पाण्यावर चिडले.

डायलिसिससाठी मलकापूरच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि प्यायलेलं पाणी अंगातच साठतं म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. एक लहान बाटली, दिवसभरासाठी. चहा त्यातूनच, गोळ्याही त्यातूनच. उन्हाळ्यात त्यांचे ओठ फुटायचे, मी ओलं फडकं लावायची. त्यांच्यासमोर पाणी पिणं मला जमेना. मी मागे न्हाणीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईनं पिऊन यायची. घरी कुणी आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा, ही आमची रीत. आता लोक गिलास हातात धरून बसायचे, यांच्याकडे बघायचे आणि तसाच खाली ठेवायचे. मग मीच पाणी देणं बंद केलं. हळूहळू माणसं येईनाशी झाली. कुणाचं काही चुकलं नाही, पण घर ओस पडलं. दिवसभर आम्ही दोघं आणि मध्ये ती बाटली. आम्ही बोलायचोही कमी, कारण बोललं की त्यांचा घसा कोरडा पडायचा.

अखेर पाइपलाइन आली. चौकात नारळ फुटला. यांना कुणी बोलावलं नाही असं नाही, पण उठून जायची ताकद नव्हती. सकाळपासून त्यांनी बाटलीला हात लावला नव्हता. चहाही नको म्हणाले. आजचं माप नळाचं घ्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. दुपारी आमच्या अंगणातला नळ आधी खोकला, गढूळ आला, मग स्वच्छ झाला. मी बाटली धुऊन भरली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला. मला वाटलं आता गावाबद्दल, समितीबद्दल काही बोलतील. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

"आता तू पे," ते म्हणाले. "माह्यासमोर पे."

मला तहान नाही, असं मी सांगितलं. उन्हात धडधडीत खोटं.

"लपून काऊन पेते वं रोज? मले घोट ऐकू येते."

इतके महिने भिंतीआड मी पीत होते आणि ते खाटेवर पडून प्रत्येक घोट ऐकत होते.

मी तांब्या भरला, त्यांच्यासमोर बसले आणि प्यायले. मी घोट घेतला की त्यांचाही कंठ हलायचा, कोरडाच. तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, कसं आहे. माझ्या माहेरासारखं आहे, मी म्हटलं.

"मंग अजून पे," ते म्हणाले.

पोट भरलं होतं तरी मी पुन्हा भरून घेतला. नळ चालूच होता. ज्यानं ते पाणी घरापर्यंत आणलं तो समोर तहानलेला बसला होता, आणि मी एकटी पीत होते.