खांद्यावरची दुसरी वेष्टी

सगळे ज्यांना वेष्टीमामा म्हणायचे, त्या आमच्या फोटोग्राफरकडे नेहमी दोन वेष्ट्या, म्हणजे इकडची पांढरी धोतरं, असायच्या, एक नेसलेली आणि एक खांद्यावर. नेसलेलीवर कापीचे, म्हणजे कॉफीचे, डाग असतील, सायकलच्या साखळीचं काळं असेल, त्याची त्यांना काही फिकीर नव्हती. खांद्यावरची मात्र इतकी पांढरी असायची की परक्या माणसाला वाटावं, हे कुठल्या तरी देवाचं वस्त्र घेऊन निघालेत. तिला हात पुसलेला त्यांना खपत नसे. एकदा माझ्या चुलतभावानं लग्नात सांबाराचा हात तिला लावला, तर मामा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. ती वेष्टी नेसायची नव्हतीच, उजेडासाठी होती.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मामांचा स्टुडिओ होता आणि आमच्या मराठी घरांतली बहुतेक लग्नं, मुंजी, बारशी त्यांनीच टिपलेली. फोटो काढायच्या आधी मामा त्या दुसऱ्या वेष्टीची दोन टोकं जवळच्या कुणाच्याही हातात द्यायचे. तो वराचा मामा असो की निवृत्त तहसीलदार, पाच मिनिटं त्याला खांबासारखं उभं राहावं लागे. खिडकीतलं कडक ऊन वेष्टीतून गाळून चेहऱ्यावर आणायचं, नाहीतर समोरून वेष्टीवर आपटून परत फिरवायचं, एवढीच त्यांची विद्या. फ्लॅश पिशवीत असायचा, पण तो बाहेर काढताना त्यांचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा.

त्या वेष्टीचे काठ मामांनी कापून टाकले होते. लाल काठ असला की गाल लाल येतात, हिरवा असला की नवरी आजारी दिसते, असं ते सांगायचे. पण बिनकाठाचं कोरं पांढरं कापड शुभकार्यात आणलं म्हणून एका लग्नात नवरीकडच्या म्हाताऱ्या बायका खवळल्या. मामांनी वाद घातला नाही. आत जाऊन हळद मागितली, वेष्टीच्या एका कोपऱ्याला बोट लावलं आणि बाहेर आले. "आतां झालं की मंगळ?" तेव्हापासून त्या कोपऱ्यावर हळद कायम राहिली, आणि वेष्टी धरणाऱ्याला पहिली सूचना ठरलेली असायची, "पिवळा कोपरा बाहेर."

मी चार वर्षं पुण्यात नोकरी करून परतलो तेव्हा बरोबर देवनागरी वाचता येण्याची कला आणली आणि एक कॅमेरा. इथल्या कॉलेजात शिकवायला लागलो आणि उरलेल्या वेळात फोटोग्राफीचं सामान मागवायला लागलो. फ्लॅशवर बसवायची पांढरी प्लास्टिकची टोपी मागवली. मग तिच्याहून मोठी टोपी. मग फ्लॅशला बांधायचं पांढरं पुठ्ठ्यासारखं पान, घडीची छत्री, आणि शेवटी एक गोल चकती, जी एका बाजूनं रुपेरी, एका बाजूनं सोनेरी. सगळ्यांचं वचन एकच, उजेड मऊ होईल.

मामा प्रत्येक वस्तू हातात घेऊन वासरू तपासावं तशी उलटसुलट पाहायचे आणि म्हणायचे, "सुम्मा." तमिळमधला हा शब्द आम्ही मराठीत बोलतानाही वापरतो. उगाच, फुकट, काही कारण नसताना, हे सगळं त्यात येतं. मी चिडून कारण विचारलं, तर त्यांनी टोपी माझ्या मुठीशेजारी धरली. "उजेड मऊ व्हायला तो मोठा पाहिजे, आणि जवळ पाहिजे. ही केवढी? मुठीएवढी. माझी वेष्टी आठ हात. टोपी घालून कोणी उंच होतो काय रे? पुण्यांत हेंच शिकलास?"

माझ्या हट्टामागे एक कारण होतं, आणि ते आमच्या आईचे डोळे. फ्लॅश उडाला की आई डोळे मिटायची. मिटायची म्हणजे नेमकी त्या क्षणाला, चुकूनही आधी नाही की नंतर नाही. अंधाऱ्या हॉलांत मामांनाही फ्लॅश लावावाच लागे, त्यामुळे तिच्या लग्नातल्या फोटोत ती झोपलेली आहे, माझ्या मुंजीत झोपलेली आहे. डोळे उघडे असलेला एकच फोटो आधार कार्डावरचा, आणि त्यात ती घरात चोर शिरल्यासारखी पाहते. आई याची थट्टा करायची, पण एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, मी गेल्यावर भिंतीला झोपलेली बाई लावणार काय तुम्ही? एक तरी चोखट फोटो काढ माझा." चोखट म्हणजे आमच्या बोलीत छान. ती हसत होती, पण मला ते लागलं. धाकट्या बहिणीचं, कावेरीचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की या लग्नात आईचा फोटो निघालाच पाहिजे.

लग्नाचे फोटो मामांकडे होते. आईचा फोटो मात्र मी काढणार, असं मी त्यांना सांगून टाकलं. मामा म्हणाले, "शेरी," म्हणजे ठीक. लग्नाच्या सकाळी मंडपमला, म्हणजे लग्नाच्या हॉलला, जाताना माझी ती गोल चकती ऑटोत पिशवीतून सुटली आणि फाडकन उघडली. ऑटोवाल्याची टोपी उडाली, कावेरीच्या मावससासूच्या केसांतला गजरा निघाला. मी आणि माझा चुलतभाऊ मंडपमच्या दारात त्या चकतीशी झटत होतो, तिची घडी होईना. मामा आले, दोन्ही हातांनी धरली, मनगटाला एक पीळ दिला, आणि चकती ताटलीएवढी होऊन पिशवीत गेली.

"मामा, हे तुम्हाला कसं येतं?"

"सुम्मा," म्हणाले आणि निघून गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी मोठी टोपी लावून आईचे आठ फोटो काढले. आठही वेळा आई झोपली. टोपीनं उजेड थोडा पसरला असेल, पण मंडपमचं छत इतकं उंच की तो वर गेला तो परतलाच नाही, आणि आईला काय, चमकलं ते चमकलं. "राहू दे रे," ती म्हणाली, "तुझी चूक नाही." ती असं म्हणाली की मला फार वाईट वाटतं. मी फ्लॅश बंद करून एका खुर्चीवर बसून राहिलो.

मुहूर्त जवळ आला. कावेरी आणि नवरामुलगा समोरासमोर, मध्ये अंतरपाट, कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलेला. एका बाजूनं माझे थोरले काका धरून, दुसऱ्या बाजूनं दुसरे काका. आई कावेरीच्या खांद्याशी उभी. मंगलाष्टकं चालू झाली. आणि मी पाहिलं की मामा नवरानवरीकडे नाहीत, ते गुडघे टेकून आईसमोर बसलेत. नवऱ्यामुलाच्या पाठीमागचं पूर्वेचं दार उघडं होतं. तिथून येणारं सगळं ऊन अंतरपाटावर पडून, त्यातून गाळलं जाऊन आईच्या चेहऱ्यावर येत होतं. मामांच्या वेष्टीहून रुंद कापड, आणि धरायला दोन काका आयते.

फक्त थोरल्या काकांचं टोक जरा जास्त वर होतं, कपाळावर सावली येत होती. मामांनी हात खाली करून खूण केली, थोडं खाली. काकांना सकाळपासून एकच काम सांगितलं होतं, खूण झाली की अंतरपाट सोडायचा. त्यांनी सोडला.

नवरानवरीनं एकमेकांना पाहिलं. अक्षता अर्ध्या लोकांनी टाकल्या, अर्ध्यांनी हातात धरून ठेवल्या. नादस्वरवाल्यानं, म्हणजे इकडच्या सनईवाल्यानं, भों करून सुरुवात केली आणि थांबला. शास्त्रीबुवा ओरडले, "धरा! धरा! अजून दोन मिनिटं आहेत!" काकांनी घाईनं टोक उचललं, तर कावेरी पदर तोंडाला लावून हसत होती, नवरामुलगा लाजून लाल झाला होता. आणि आई डोकं मागे टाकून, डोळे पुरते उघडे ठेवून हसत होती. मामांच्या कॅमेऱ्याचा एवढासा आवाज झाला.

शास्त्रीबुवांनी मामांना जेवणाच्या पंगतीपर्यंत सुनावलं. मामा पानावर पायसम वाढून घेत शांतपणे म्हणाले, "पाहिली तर पाहिली. पुढें चाळीस वर्षें पाहायचंच आहे की."

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. आईच्या गालावर लालसर छटा आहे, अंतरपाटावरच्या कुंकवाची. ज्यांनी वेष्टीचे काठ कापले ते मामा ती छटा नक्की काढतील असं मला वाटलं होतं. काढली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "असूं दे. तें लग्नाचं आहे."

गेल्या वर्षी मामांचे गुडघे फारच दुखायला लागले आणि मुलीनं त्यांना कोइमतूरला न्यायचं ठरवलं. स्टुडिओ रिकामा करायला मी गेलो. आतल्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. उघडली आणि मी एकेक वस्तू बाहेर काढत गेलो. टोप्या, लहान, मोठ्या, चौकोनी. पांढरी पानं. दह्याच्या डब्याची घरी केलेली टोपी. तीन छत्र्या. आणि माझ्यासारखीच गोल चकती, दोन.

"मामा! हे काय?"

"अस्कें घेतलं," ते म्हणाले. अस्कें म्हणजे सगळं. चेहऱ्यावर चोरी पकडल्याची लाज अजिबात नव्हती. "जें नवीन येईल तें घेतलं. तीन महिने वापरलं, पेटींत टाकलं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की, घेऊं नोको म्हणून. ऐकलास?" मग त्यांनी एक छत्री काढून माझ्या हातात दिली. "ही मात्र ठेव. हॉलला खिडकी नसली, भिंत हिरवी असली, तर ही कामाला येते. बाकी सुम्मा."

निघायच्या सकाळी मी त्यांचा फोटो काढायचं ठरवलं. उभ्या आयुष्यात त्यांचा म्हणून एक फोटो नव्हता, ते कायम कॅमेऱ्यामागे. ओट्यावर बसवलं, ऊन छान होतं. मी फ्लॅश काढलाही नव्हता, तरी मी "तयार?" म्हटलं की मामांचे डोळे मिटायचे. पाच वेळा म्हटलं, पाचही वेळा मिटले. मला हसू आवरेना, आणि मामा रागावले. "थांब," निरोप द्यायला माझ्याबरोबर आलेली आई म्हणाली. तिनं मामांच्या खांद्यावरची वेष्टी ओढून घेतली, एक टोक खांबाला बांधलं, एक स्वतः धरलं. उजेड मामांवर उतरला. मग ती एकदम ओरडली, "मामा, अंतरपाट सुटला हो! बघा आतां!" मामांनी डोळे उघडले आणि खो खो हसले, पुढचे दोन दात नसलेले.

गाडी सुटली तेव्हा मामा खिडकीतून हात हलवत नव्हते, हातानं उजेड कुठून येतो ते दाखवत होते. वेष्टी आईकडेच राहिली. मला त्या गल्लीतून जाताना अजूनही चुकल्याचुकल्यासारखं होतं.

फोटो मी त्यांना पाठवला. मामांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून आमचं सगळं फोनवरच्या बोलक्या मेसेजांवर चालतं. तासाभरात त्यांचा आवाज आला, "उजेड बरा आहे. पण डाव्या गालावर पिवळं आलंय. पिवळा कोपरा बाहेर धरायचा. आईला सांग. आणि तें काढून टाक."

पिवळं आलं होतं खरं. मामा प्रवासाला निघणार म्हणून आईनं त्या सकाळी वेष्टीच्या कोपऱ्याला हळद नव्यानं लावली होती, आणि एक बोट नव्हे, चांगली हातभर. मी काही ते काढलं नाही. मेसेज करून सांगितलं, "असूं दे मामा. तें आमच्या घरचं आहे."

मग मामांचा आवाज आला, एकच शब्द.

"चोखट."