ऐनाला पालवी फुटेस्तोवर

आमची कारभारीण विझलेल्या चुलीलाही भ्यायची. भाकरी झाली की जाळ विझवायची, वर पाणी शिंपडायची आणि मग राखेवर तळहात ठेवून बघायची. मी म्हणायचो, "राखेतनं काय आता वाघ निघतोय?" ती म्हणायची, "वाघ परवडला. त्यो एकदाच खातो." तिला दमा होता. धूर छातीत गेला की श्वास वर चढायचा तो खाली उतरायचं नाव घ्यायचा नाही. ओठ काळेनिळे पडायचे. घाटघरातून जुन्नर गाठायचं तर जीपची वाट बघायची, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की जीपही नाही. तिची थोरली बहीण याच दुखण्यानं आपटाळ्याच्या अलीकडे वाटेतच गेली होती, हिच्या मांडीवर. म्हणून भ्यायची. उगाच नाही.

तिचं एक बोलणं होतं, "पार पडू दे." भात पोटरीला आला, पार पडू दे. पोरीचं लग्न ठरलं, पार पडू दे. लोक पेढे वाटायचे तेव्हा ही कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसायची. बायका तिला म्हणायच्या, तुला देवानं हसायचं दिलंच नाही बघ.

दोन हजार सालाच्या पुढं पुण्याची एक संस्था आमच्या शिवाराला लागून दवाखाना बांधायला आली. मी राखणीला लागलो, ती भिंतींवर पाणी मारायला. पैसा देणाऱ्या कंपनीची एक अट होती. इमारतीला हिरव्या इमारतीचं, म्हणजे झाडं-माती-हवेला धक्का न लावता बांधल्याचं, सर्टिफिकीट मिळालं पाहिजे. मिळालं तर डॉक्टर आणि नर्स कायम इथं राहणार, नाही मिळालं तर महिन्यातून एक फेरी. तिथल्या तरुण इंजिनियर साहेबानं सगळ्यांना बसवून हे सांगितलं. एक गवंडी म्हणाला, "मग हिरवा रंग फासा की राव, काम झालं." सगळे हसले. कारभारीण हसली नाही. तिला सरळ कळलं होतं. कागद आला तर डॉक्टर दारात, नाही आला तर आपटाळ्याची वाट.

आणि तो कागद काही सुखासुखी येईना. लाकूड कोणत्या रानातलं त्याचा दाखला पाहिजे होता. वखारवाला म्हणाला, लाकडाला काय जन्मदाखला असतो का? बिनवासाचा रंग पुण्याहून यायचा, तो महिना महिना अडकायचा. विटा जवळच्याच भट्टीच्या पाहिजेत, तर जवळची भट्टी बंद. पाया खणताना वरची चांगली माती वेगळी राखायची होती, ती ट्रॅक्टरवाल्यानं मुरमात मिसळली, परत चाळत बसलो. दर अडचणीला साहेब डोक्याला हात लावायचा आणि ही घरी येऊन अर्धी भाकरी टाकून उठायची. आत बिडी ओढायची नाही असा नियम होता, तो सगळ्यात जास्त हिनं पाळून घेतला. मिस्त्रीला म्हणायची, "इझव रं बाबा. नायतर माझं सरण तुलाच रचावं लागंल."

दवाखान्याच्या मावळतीला ऐनाच्या झाडांची रांग होती. साहेबानं तिला बजावलं होतं, "मावशी, ही झाडं तोडू देऊ नका. यांच्या सावलीनं खोल्या गार राहणार, तेसुद्धा मोजणार आहेत." झालं. कुऱ्हाड घेऊन कोणी नुसतं वाटेनं गेलं तरी ही उठून उभी राहायची.

आता आमच्याकडची रीत सांगतो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून ती भाजून घ्यावी लागते, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी दरसाल ऐनाच्या फांद्या सवळतात, म्हणजे बुंधा ठेवून वरचं सगळं उतरवतात. तोडणं वेगळं आणि सवळणं वेगळं, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक. सर्टिफिकीटाच्या पाहणीचा दिवस ठरला आणि हिच्या मनात आलं, पाहुणे येणार, झाडं किती झिपरी दिसतात. सणाच्या आधी पोराचं डोकं करावं तशी तिनं पुतण्याकडून सगळी झाडं सवळून घेतली. फांद्या लांब नेऊन टाकल्या, खाली झाडलोट केली. मलाही ते नीटनेटकं वाटलं.

साहेब पाहणीच्या बाईंना घेऊन गाडीतून उतरला आणि तिथंच थांबला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मावशी, सावली कुठं गेली?"

चैत्राचं ऊन त्या भिंतीवर पडलं होतं. ऐन नुसते खांबासारखे उभे. बाईंनी हातातल्या नकाशाकडं बघितलं, झाडांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर ही मेलेली दिसतात."

हिनं पदर खोचला. पुढं झाली. "मेली न्हाईत, बाई. वळीव पडला की फुटत्यात. दरसाल फुटत्यात."

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, फुटल्यावर परत येते, तोवर निकाल थांबवते. नाही फुटली तर काय, ते त्या बोलल्या नाहीत.

ते दिवस मी विसरत नाही. पहाटे उठून ही झाडांकडं जायची. राखेवर ठेवायची तसा बुंध्यावर तळहात ठेवायची. नखानं साल खरवडून आत ओल आहे का बघायची. लांबून हंडे आणून पाणी घालायची, आणि त्या दगदगीनं धाप लागायची. मी म्हणायचो, अगं ऐन आहे तो, असा मरत नाही. ती म्हणायची, "माज्या हातानं डाक्टरची वाट बंद केली." त्या साली वळीवही लांबला. झोपेत तिची छाती वाजायची आणि मी जागा राहून ऐकायचो. तिला झाडाची धास्ती होती, मला तिची.

पालवी पहिल्यांदा तिलाच दिसली, पण मला सांगितलं नाही. दृष्ट लागंल म्हणून. शेवटच्या झाडाला कोंब आला तेव्हा मला हाताला धरून घेऊन गेली. "आता बघ."

बाई परत आल्या, सर्टिफिकीट आलं. गावानं पेढे वाटले, हिनं हातात धरून ठेवला. डॉक्टरची वळकटी टेम्पोतून खाली उतरली तेव्हा कुठं तोंडात टाकला. पुढं त्या दवाखान्यानं तिला तोंडात मारायचा पंप दिला आणि बरीच वर्षंही दिली.

गेल्या माघात ती तिथंच गेली, मावळतीच्या खिडकीजवळच्या खाटेवर. आपटाळ्याच्या वाटेवर नाही. शेवटी मला विचारलं, "चूल इझवली का?" म्हटलं, इझवली. "हात लावून बघितला?" म्हटलं, बघितला. मग डोळे मिटले.

परवा पुतण्या कोयता घेऊन आला. म्हणाला, "तात्या, ऐन लई माजलेत. सवळू का?" मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, दुसरीकडं बघ. तो म्हणाला, "पावसात फुटत्यात की."

"ठावं हाय," मी म्हणालो. "पर फुटेस्तोवरचं दिस काढाया मागल्या टायमाला आमी दोघं व्हतो."