धोंडुबाईच्या मुठीतली वाळू

धोंडुबाई आमच्या कारखान्यात वाळू चाळायची. आमच्या म्हणायचं आपलं, कारखाना गणपतरावांचा. मी हायस्कुलात मास्तर, आणि शाळा सुटल्यावर तासभर त्यांची इंग्रजी पत्रं लिहायला जायचो. कोल्हापूर स्टेशनच्या पलीकडं पत्र्याची एक शेड, एक भट्टी आणि बारा माणसं, एवढाच पसारा. तिथं उसाचे चरक व्हायचे. बैल जुंपायचा, लोखंडी रूळ फिरायचे आणि त्यांत ऊस चिरडून रस गळायचा. वाळूत लाकडी नमुना दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, असं ते काम.

ओतकामावर ज्ञानू होता. त्याला सगळे मान द्यायचे. धोंडुबाईकडं मात्र कुणी बघायचं नाही. नवरा गेल्यापासून ती उचगावहून रोज चालत यायची, दिवसभर चाळणी हलवायची आणि पदर झटकून परत जायची. सात वर्षांत मी तिचा आवाज चार वेळाही ऐकला नसेल.

चोपन्न सालच्या पावसाळ्यात मोंबासाहून पत्र आलं. तिथल्या एका कच्छी व्यापाऱ्यानं देशात आला असताना सांगलीकडच्या गुऱ्हाळावर आमचा चरक चालताना पाहिला होता. त्याला साठ चरक हवे होते, आणि डिसेंबरच्या बोटीला मुंबईत पोचायला हवे होते. आम्ही वर्षाला वीस करायचो. गणपतरावांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग उलटं करून मागं आणखी काही लिहिलंय का, तेही पाहिलं. मोंबासा कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. समुद्रापलीकडं, आफ्रिकेत, म्हटल्यावर त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि होकार कळवायला सांगितला.

माणसं वाढवली, दुसरी भट्टी बांधली. पाऊस उघडल्यावर नदीची नवी वाळू आणून काम सुरू झालं. पहिल्या आठवड्यात बारा रूळ ओतले आणि लेथवर कातायला लावले, तर नऊ रुळांच्या पोटात भोकं. ज्ञानूनं वितळवायला आणलेल्या भंगाराला दोष दिला. भंगार बदललं, तरी तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा गणपतराव माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, जमणार नाही म्हणून लिहून टाका.

मी कागद पुढं ओढला, तेवढ्यात धोंडुबाई दारात येऊन उभी राहिली. ऑफिसच्या दारापर्यंत ती कधीच आली नव्हती.

"मालक, लोखंडाचं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. "वाळूत गाळ हाय. पुराची वाळू हाय ती. हवा जायाला वाट न्हाई तिच्यातनं."

तिनं मूठ पुढं केली आणि उघडली. ओल्या वाळूचा गोळा तळहाताला चिकटून राहिला होता. मग दुसरी मूठ उघडली. तिच्यातला गोळा सुटा होता. त्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले होते, आणि अंगठ्यानं दाबल्यावर त्याचे सरळ दोन तुकडे झाले.

"ही कुठली?" गणपतरावांनी विचारलं.

"आमच्या वड्याची. येताना पदरात बांधून आणली."

ज्ञानू मागं उभा होता. बाईमाणसाला ओतकामातलं काय कळतंय, असं तो पुटपुटला. गणपतरावांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली.

ओढ्याच्या वाळूत पहिला रूळ ओतला त्या दिवशी सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले. साचा फोडला, ज्ञानूनं हातोडी मारली, तर देवळातल्या घंटेसारखा आवाज निघाला. कातल्यावर एक टाचणी जाईल एवढंही भोक नाही. पुढच्या प्रत्येक ओतणीआधी ज्ञानू धोंडुबाईकडं बघायचा, आणि तिनं मान हलवल्याशिवाय भट्टीचं तोंड उघडायचा नाही.

नोव्हेंबरअखेर साठ चरक खोक्यांत भरून रेल्वेत चढले. माल बोटीवर चढताना बघायला गणपतराव मुंबईला निघाले. त्यांनी मला, ज्ञानूला आणि धोंडुबाईला बरोबर घेतलं. ती मिरजेच्या पुढं कधी गेलेली नव्हती.

गोदीत बोट दिसली तेव्हा आम्ही चौघंही थांबलो. ही भिंत कसली म्हणून मी वर पाहिलं, आणि वर पाहतच राहिलो. आमचं एकेक खोकं चार माणसांना हलत नव्हतं. धक्क्यावरच्या उंच यारीनं तसली खोकी जाळ्यात धरून अलगद वर नेली. वर गेल्यावर ती काडेपेटीएवढी दिसायला लागली. गणपतरावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"एवढं लोखंड पाण्यावर ऱ्हातंय कसं?" धोंडुबाईनं मला विचारलं. बोटसुद्धा लोखंडाचीच आहे म्हणून सांगितलं, तर तिनं माझ्याकडं अविश्वासानं पाहिलं. मी शाळेत शिकवतो तसं पाण्याच्या दाबाचं सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. त्या बोटीसमोर माझं मलाच ते खरं वाटेना.

बोटीचा दोर बांधलेला ओतीव लोखंडाचा एक जाडजूड खुंट धक्क्यावर होता. धोंडुबाई त्याच्यापाशी गेली. खालच्या खरखरीत अंगावरून तिनं हात फिरवला, आणि हात तसाच ठेवून हळू आवाजात मला म्हणाली, "मास्तर, हितं वाळूचं ठसं हायेत. कुठल्या मुलखात कुणीतरी बसून ही वाळू चाळली असंल की."

बोट सुटेपर्यंत ती तिथंच उभी होती.

फेब्रुवारीत पत्र आलं. चरक पोचले होते, चालत होते, आणि आणखी चाळीस हवे होते. मी धोंडुबाईला सांगितलं. तिकडचा गूळ कसा होतो, एवढंच तिनं विचारलं. ते मी उत्तरात एका ओळीत घातलं. पुढच्या डाकेनं व्यापाऱ्याचं पार्सल आलं. त्यात केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, आमच्याच चरकातून निघालेल्या रसाच्या गुळाची काळपट ढेप होती. गणपतरावांनी ती धोंडुबाईच्या हातात दिली. तिनं फोडून सगळ्यांना वाटली, शेवटी आपला खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"मळी जरा ऱ्हायलीया," ती म्हणाली. "मळी वर काढायला उकळत्या रसात भेंडी घालत न्हाईत वाटतं. कळवा त्यास्नी."

गणपतरावांनी मान डोलावली, आणि मी कागद घेतला.